खिडकीचा हिस्सा

आमच्या ऑफिसात टेबलावर कुठलीही फाईल आली की वीरभद्रअप्पा ती आधी उघडत नाहीत. दोन्ही हातांवर घेतात, जराशी खालीवर करतात आणि निकाल देतात, "कोरडवाहू." कधी "बागायत." कधी नुसतंच "खडक." मग पेन्सिलीनं कोपऱ्यात तसं लिहितात. नवीन माणसाला वाटतं, फाईल जमिनीची आहे म्हणून लिहीत असतील. तसं नाही. अप्पा कामाची प्रत लावत असतात.

ज्या कामातून माणूस हसत बाहेर जातो ते बागायत. राबून राबून केलं आणि पुढं वरिष्ठांच्या मर्जीवर सोडलं ते कोरडवाहू. जिल्ह्याला पाठवायचे माहितीचे तक्ते म्हणजे खडक, दिवसभर खणा, हाती काही लागत नाही. आणि खिडकीवर उभ्या माणसांना उत्तरं देणं हे पोटखराब. सातबाऱ्यावर जी जमीन क्षेत्रात धरतात पण लागवडीला येत नाही, ती पोटखराब. अप्पा म्हणायचे, "खिडकीत दिस जातो, पण लिवायला काय न्हाय."

तालुक्याचं नाव मी सांगणार नाही. धाराशिव जिल्ह्यातलं, जमिनीच्या मोजणीचं, चार माणसांचं ऑफिस एवढं पुरे. अप्पा हेडक्लार्क. कपाळावर विभूती, कानावर पेन्सिल, रिटायरमेंटला तीन वर्षं. ज्या वयात माणसानं सहीपुरतं उरावं, त्या वयात यांना कामाची प्रत लावायचे डोहाळे लागले होते.

बाकीचे आम्ही तिघं. गायकवाड मोजणीदार. तो तीन दिवस रानात मोजणी करायचा आणि तीन दिवस ऑफिसात त्या मोजणीचा शीण काढायचा. माझ्याकडं रेकॉर्ड रूमची किल्ली होती. किल्ली सांभाळणं हे जोखमीचं काम आहे असं मी अकरा वर्षं मानत आलो होतो. आणि तिसऱ्या सुनंदा मॅडम, वयानं आणि नोकरीनं सगळ्यांत लहान. आवक-जावक, ऑनलाइन अर्ज, नकाशाच्या नकला, जिल्ह्याचे तक्ते आणि खिडकी, एवढंच त्यांच्याकडं होतं. त्यांना कॉम्प्युटर येतो म्हटल्यावर आम्ही तरी काय करणार.

व्हायचं तेच झालं. अर्ज तुंबले. मोठे साहेब धाराशिवला बसतात, आमच्याकडं दर गुरुवारी येतात. त्यांनी तुंबलेल्या अर्जांचा गठ्ठा बघितला आणि सुनंदा मॅडमच्या हातात कारणे दाखवा नोटीस ठेवली. मॅडमनी ती वाचली, घडी केली आणि खिडकीवरच्या माणसाला म्हणाल्या, "बोला काका."

मी आणि गायकवाड चहाला निघालो होतो. अप्पा मात्र उठून साहेबांपुढं उभे राहिले. "साहेब, एक महिना द्या. कामाची वाटणी करून देतो. न्हाय निपटलं तर नोटीस चालू ठेवा." साहेबांनी महिना दिला. दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी आमच्या सुखाची मोजणी सुरू केली.

आठ दिवस ते वही घेऊन एकेकाच्या टेबलाशी बसले. माझ्याकडं आले तेव्हा विचारलं, "दिसातनं किल्ली किती येळा फिरती?"

"दोनदा. सकाळी आणि संध्याकाळी."

"मधल्या येळात?"

"खिशात असते."

"पडीक," असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीचा सातबारा एका शब्दात तयार झाला. मी गायकवाडला म्हणालो, म्हातारा वयानं चळलाय. गायकवाडनं मान हलवली, पण त्याच्या नावापुढं काय लिहिलं ते मला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी अप्पांनी टेबलावर एक मोठा कागद अंथरला. ऑफिसचं सगळं काम गटाच्या नकाशासारखं काढलेलं. रंगीत पेन्सिलीनं चार हिस्से, मध्ये बांध, बांधावर झाडंसुद्धा. एका चिंचोळ्या पट्टीवर गायकवाडनं बोट ठेवलं, "हे काय हो अप्पा?"

"वाट. च्याला जायला. वाट अडवून चालत न्हाय."

मग त्यांनी चार हिश्शांवर चार सुपाऱ्या ठेवल्या आणि नियम सांगितला. तो आमच्याकडं कुठल्याही घरात ठाऊक आहे. वाटे करणाऱ्यानं शेवटी उचलायचं, धाकट्यानं आधी. शेवटचा वाटा आपल्याच पदरात पडणार हे माहीत असलं की वाटे करणारा कुणाचं कमी-जास्त करत नाही. सरकारी ऑफिसात सुपाऱ्या मांडून कामं वाटणारा इसम मी तरी दुसरा बघितला नाही.

सुनंदा मॅडमनी आवक-जावक आणि ऑनलाइन अर्जांवरची सुपारी उचलली. गायकवाडनं मोजणी घेतली, तिला तक्ते जोडलेले होते, ते त्याला घरी गेल्यावर कळलं. उरल्या दोन, नकला आणि खिडकी. खिडकीत ऊन येतं आणि माणसं येतात. नकलांचं टेबल पंख्याखाली आहे. मी नकला उचलल्या. अप्पांनी शेवटची सुपारी उचलून तोंडात टाकली. किल्ली त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. "सामाईक," म्हणाले.

मला तर हसू आवरेना. तीन वाटे नीट केले आणि चौथा उकिरडा ठेवला, तोही स्वतःसाठी. सगळा जन्म मोजणी खात्यात काढून ज्याला आपला वाटा राखता येत नाही, त्याला काय म्हणावं? हेडक्लार्क असून हा माणूस दुसऱ्या दिवशी खिडकीत जाऊन बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागला, "या पाव्हणं, कुठलं गाव?"

पण हसणं चार दिवसांत आटपलं. अप्पा खिडकीतून अर्ज पाठवत आणि ते माझ्या टेबलावर येऊन पडत. नक्कल काढा, ताडून बघा, सही करा, पुढचा घ्या. चहा दिवसातून एकदा. पाठ धरली. इकडं सुनंदा मॅडम पावणेसहाला पर्स उचलून घरी जायला लागल्या आणि दुपारचा डबा दुपारी खायला लागल्या. गठ्ठा दिसेल इतका उतरला. सगळ्यांचं बरं चाललंय आणि आपलंच वाईट, हे माणसानं किती दिवस बघायचं?

मी साहेबांना पत्र लिहिलं. हेडक्लार्कनं खिडकीवर बसणं पदाला शोभत नाही. ते येणाऱ्या लोकांशी गप्पा मारत बसतात, त्यामुळं कामाचा खोळंबा होतो. सबब खिडकी पूर्वीप्रमाणे सुनंदा मॅडमकडे द्यावी. हे लिहिताना मला लाज वाटली नव्हती. आता वाटते.

साहेबांचा फोन आला. महिना संपतोय त्या गुरुवारी येतो, म्हणाले, पुरावा दाखवा. तक्रार खरी निघाली तर वाटणी रद्द, जुनं चालू, आणि मॅडमची नोटीसही चालू.

त्या गुरुवारी मी सकाळपासून कागद-पेन घेऊन खिडकीच्या बाजूला बसलो. कोण आला, किती मिनिटं बोलला, सगळं टिपलं. अकराच्या सुमारास धोतर-टोपीतला एक म्हातारा आला. या म्हाताऱ्याचा अर्ज दर गुरुवारी माझ्या टेबलावर यायचा आणि दर वेळी त्याच एका गटाची नक्कल मागायचा. घबाड मिळालं असं मला वाटलं.

"अर्जदाराचं नाव?" अप्पांनी विचारलं.

"शिवलिंग बसप्पा."

"गाव?"

"तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"इचारावं लागतंय. हिरीला पाणी?"

"हातभर."

"गुडघा?"

"चढताना दुखतोय."

अप्पा मान खाली घालून लिहीत होते. आमच्या छापील अर्जात विहीर नाही आणि गुडघा तर नाहीच नाही. मी सुनंदा मॅडमकडं वळून हळूच म्हणालो, "बघा मॅडम, तिसऱ्यांदा तीच नक्कल. ही यांची कामं."

मॅडमनी कॉम्प्युटरवरची नजर काढली नाही. "त्या अर्जावरचं नाव कदी वाचलंव का सर?"

आधीच्या दोन्ही नकला मीच काढल्या होत्या. नाव एकदाही वाचलं नव्हतं. आता पहिला अर्ज काढून बघितला. वडिलांचं नाव, गाव, आडनाव, तिन्ही अप्पांचीच होती.

"सख्खा धाकटा भाऊ हाय त्यांचा," मॅडम म्हणाल्या. "वीस वर्षं झाली, दोन घरांत बोलणं न्हाय. रानाचे वाटे अप्पांनीच केले होते. धाकट्यानं आधी उचललं, आन् दोन सालांत त्याची हीर आटली. त्याची पोरं म्हणतात, अप्पा मोजणीच्या खात्यात, त्यांना पाणी कुठं हाय ते ठावं असणार."

"होतं का ठाऊक?"

"ते मी कशाला इचारू? माझ्या येळेलाबी यायचे ते. नक्कल घ्यायचे, आत अप्पांकडं बघायचे, जायचे. अप्पा टेबलावरनं मान वर करायचे न्हाईत. बोलायला निमित्त तर पायजे ना." मग म्हणाल्या, "खिडकीतल्या माणसाला इचारावंच लागतंय."

मी खिडकीकडं बघितलं. म्हाताऱ्यानं अर्जाखाली धरलेली लग्नपत्रिका आत सरकवली. "लेकीचं हाय," म्हणाला. "घरात कुणाला ठावं न्हाय मी हिकडं आलो त्ये. तुमचं नाव घातलं न्हाय वर. पोरं…"

अप्पांनी पत्रिका दोन्ही हातांवर घेतली. प्रत लावली नाही. मॅडमच्या टेबलावरून आवकचा शिक्का घेऊन पत्रिकेच्या मागं मारला, रजिस्टरात नोंद केली, पोच फाडून खिडकीबाहेर दिली.

"उत्तर?" म्हातारा म्हणाला. "उत्तर कदी मिळंल, अण्णा?"

अण्णा हा शब्द आमच्या ऑफिसात अप्पांना कुणी वापरत नाही. नेमक्या त्याच वेळी बाहेर जीप थांबली आणि साहेब आत आले. त्यांनी गठ्ठ्याची जागा बघितली. तिथं काही नव्हतं. मग माझ्याकडं वळले, "हं. पुरावा?"

हातातल्या कागदावर माणसं आणि मिनिटं ओळीनं लिहिलेली होती. शेवटच्या ओळीत शिवलिंग बसप्पा, पंचवीस मिनिटं. मी कागदाची घडी करून खिशात घातली. "पुरावा नाही साहेब. माझी तक्रार खोटी होती."

साहेबांनी सगळ्यांदेखत माझी जी हजेरी घेतली ती इथं लिहीत नाही. त्यानंतर त्यांनी मॅडमची नोटीस मागून घेतली आणि तिच्यावर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारला, म्हणजे विषय मिटला. मॅडमनी पदरानं चष्मा पुसला. जाता जाता साहेबांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. "हे बाबा कधीचे उभे आहेत. काय काम आहे यांचं?"

अप्पांनी रजिस्टर उघडलं. मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. गायकवाड रानात होता.

"अर्जदार आहेत साहेब," मी म्हणालो. "काम चालू आहे. वेळ लागंल."

मग माझी खुर्ची उचलून मी खिडकीबाहेर नेऊन ठेवली आणि म्हाताऱ्याला म्हणालो, "बसा काका." उरलेल्या नकला मी त्या दिवशी उभ्यानंच काढल्या.