इनॉसकाकांची शेवटची कुऱ्हाड

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी ऑर्विल स्टॅम्परला पोस्टकार्ड आले. कार्डावर पेन्सिलीने खरडलेल्या दोनच ओळी होत्या. 'शनिवारी दुपारी जेवायला येतो. तुझी हत्यारं बघतो आणि मग ठरवतो. इनॉस रॅटलिफ.'

इनॉसकाका म्हणजे आमच्या केंटकीच्या डोंगरातले नावाजलेले लोहार. अडीचशे वर्षांपूर्वी डोंगर ओलांडून आलेले शिकारी कमरेला खोचत, तशा हातकुऱ्हाडी आणि सुरे ते आजही घण मारून घडवत. वर्षाला पाच नग, सहावा मागू नये. आता वय ब्याऐंशी झाले होते, खांद्याने दगा दिला होता, आणि भट्टी विझवण्याआधी केलेली शेवटची एक कुऱ्हाड तेवढी शिल्लक होती. थेट काकांच्या हातून एक कुऱ्हाड मिळावी म्हणून ऑर्विल अकरा वर्षे डोळे लावून बसला होता. अडचण एवढीच होती की वस्तू भिंतीवर टांगून ठेवणाऱ्या माणसाला काका दारातही उभे करत नसत.

आणि नेमकी इथेच ऑर्विलने माती खाल्ली होती. वसंतात आमच्याकडे हौशी मंडळींचा मेळावा भरतो. तीन दिवस सगळे त्या जुन्या शिकाऱ्यांसारखे हरणाच्या कातड्याचे कपडे घालून तंबूत राहतात, मनगटावर घड्याळ दिसले तरी हाकलून देतात. तिथे जेवताना काकांनी सहज विचारले की बाबा रे, तू तुझी हत्यारं वापरतोस का. वीस माणसांसमोर ऑर्विल छाती काढून म्हणाला, "रोज वापरतो, काका. एकूण एक."

प्रत्यक्षात ऑर्विल शाळेची बस चालवायचा आणि त्याने आयुष्यात पेन्सिलीपलीकडे काही तासले नव्हते. त्याच्या दिवाणखान्यात काचेचे कपाट होते, त्यात बावीस कुऱ्हाडी आणि एकवीस सुरे, प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी. तो स्वतः पांढरे सुती हातमोजे घातल्याशिवाय त्यांना हात लावत नसे. बायकोला, म्हणजे नेडाला, कपाटाची काच पुसायचीही मुभा नव्हती. किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागे असे, आणि ही जागा जगात कोणालाच ठाऊक नाही अशी त्याची समजूत होती.

कपाटाच्या मधोमध मानाच्या जागी एक रुंद पात्याचा सुरा होता. तोही इनॉसकाकांच्याच हातचा, मेळाव्यात दुसऱ्या एकाकडून अदलाबदलीत मिळवलेला. त्याच्या पात्यावर काळपट तांबडा डाग होता आणि खाली चिठ्ठी होती, 'अस्वलाचे रक्त असण्याचा दाट संभव.' हा डाग सुरा घरी आणला तेव्हा नव्हता. पण दर वाढदिवसाला ऑर्विल वही काढून निरीक्षणे लिही, आणि वहीत नोंद होती की पोलादात मुरलेले जुने रक्त इथल्या हवेने हळूहळू वर येत आहे.

त्याने नेडाला पोस्टकार्ड दाखवले आणि सगळे कबूल केले.

"सगळी हत्यारं बघणार?" नेडाने विचारले.

"सगळी."

"म्हणजे अगदी हातात घेऊन?"

ऑर्विलने मान हलवली. नेडा घाईघाईने स्वयंपाकघरात निघून गेली. बायको आपल्या काळजीने खचली, असे वाटून त्याला तिचे फार कौतुक वाटले.

बुधवारी सकाळची फेरी संपवून त्याने एक कुऱ्हाड खरोखरच वापरायला काढली. शनिवारपर्यंत वापरल्याच्या खुणा पाडायच्या होत्या. परसात ओंडका उभा केला, सवयीने हातमोजे चढवले आणि कुऱ्हाड डोक्यावर नेऊन जोर लावला. सुती मोज्यातून दांडा साबणासारखा निसटला. ओंडक्याला काही झाले नाही. मागे वाळत घातलेल्या तीन गोधड्या दोरीसकट चिखलात गेल्या, आणि कुऱ्हाड शेजारच्या डॉयलच्या भोपळ्यात दांड्यापर्यंत रुतली. डॉयलने तो भोपळा जत्रेतल्या बक्षिसासाठी वाढवला होता. कुंपणावरून तो एवढेच म्हणाला, "तुला भाजीला हवा होता तर मागायचास ना, लेका."

मग ऑर्विलने मेहनतीचा नाद सोडला आणि लबाडीचा रस्ता धरला. नवे पाते जुने दिसावे म्हणून आमच्याकडचे लोक त्याला मोहरीची चटणी थापतात आणि वर शिरका, म्हणजे व्हिनेगर, ओततात. गुरुवारी त्याने आठ पात्यांना हा लेप दिला. दांड्यांवर रोजच्या हाताचा मळ दिसायला हवा, म्हणून डुकराच्या मांसाची तळून उरलेली चरबी चोळली आणि सगळी हत्यारं कुंपणाला टेकवून उन्हात वाळत ठेवली. दिसायला ती खरेच झकास दिसू लागली. वासही लांबवर जाऊ लागला, आणि तो सगळ्यात आधी डॉयलच्या शिकारी कुत्र्याला आला.

कुत्र्याने नेमकी मेपलच्या लाकडाच्या दांड्याची, सगळ्यात देखणी कुऱ्हाड उचलली आणि रस्त्याने सुसाट सुटला. मागे बसवाल्याच्या गणवेशात ऑर्विल. कुत्रा चर्चच्या ओसरीखाली शिरला, ऑर्विलही पोटावर सरपटत शिरला, पण कंबरेपर्यंतच. तेवढ्यात पाद्री होबार्ट बाहेर आले. त्यांना ओसरीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले आणि आतून "सोड, मेल्या, सोड तिला" असे ऐकू आले. होबार्ट सावकाश पायरीवर बसले आणि त्यांनी ऑर्विलच्या आत्म्यासाठी प्रार्थना सुरू केली. प्रार्थना चालू असताना उठून जाण्याची आमच्याकडे रीत नाही. म्हणून ऑर्विल तसाच पालथा पडून राहिला आणि शेवटी आतूनच आमेन म्हणाला. त्या दिवशी एकतीस मुले घरी वीस मिनिटे उशिरा पोहोचली.

कुऱ्हाड मिळाली, पण दांड्यावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या. ऑर्विलने त्या निरखून पाहिल्या आणि त्याचा चेहरा खुलला. इतक्या अस्सल खुणा त्याला जन्मात जमल्या नसत्या. बाकीच्या सातही कुत्र्याला द्याव्यात की काय, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला.

शनिवारी बाराच्या ठोक्याला इनॉसकाका जुन्या ट्रकमधून उतरले. काखेत गोणपाटात गुंडाळलेली वस्तू होती. ऑर्विल तिच्याकडे बघण्याच्या नादात काकांना आत या म्हणायचेच विसरला. काका खुर्चीत बसले, मेपलच्या दांड्याची कुऱ्हाड त्यांनी नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"मोहरी," ते म्हणाले. "शिरका. तळलेल्या डुकराची चरबी." मग त्यांनी पुन्हा हुंगले. "आणि कुत्रा."

ऑर्विलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. काका रागावले नाहीत, तेच जास्त लागले. एकेक हत्यार उचलावे, हुंगावे आणि बाजूला ठेवावे, असा त्यांचा क्रम चालला. नेडा टेबलावर पाने मांडत होती. घेवड्याच्या दाण्यांची उसळ, मक्याची भाकरी, बिटाचे लोणचे आणि जोंधळ्याची काकवी. तिची नजर सारखी काकांच्या हातांकडे जात होती. शेवटचा उपाय म्हणून ऑर्विलने मानाचा सुरा पुढे केला आणि अस्वलाची हकीकत सांगायला सुरुवात केली.

काकांनी त्याला हाताने थांबवले. अंगठा धारेवरून आडवा फिरवला, पाते खिडकीच्या उजेडात धरले, आणि ब्याऐंशी वर्षांच्या त्या चेहऱ्यावर हसू फुटले.

"हा सुरा वापरलाय," ते म्हणाले. "रोज वापरलाय. बरणीच्या बुडावर घासून धार लावलीय, माझी आई लावायची तशी. आणि लावणारा माणूस डावखुरा आहे, ही बाजू बघ किती झिजलीय. ऑर्विल, तू डावखुरा आहेस?"

ऑर्विल सगळी कामे उजव्या हाताने करायचा. दोघांच्याही नजरा एकदमच टेबलाकडे वळल्या. नेडा डाव्या हातात डाव धरून उसळ वाढत होती.

तिने डाव खाली ठेवला. "दुकानातल्या सुरीनं काही धड कापलंच जात नाही, काका. हा बस घेऊन गेला की मी किल्ली काढायची आणि हा परत यायच्या आत सगळं पुसून जागेवर ठेवायची. अकरा वर्षं झाली."

"कोणकोणतं?" ऑर्विलने विचारले.

"सगळंच नाही रे. ती मेपलच्या दांड्याची कोंबड्यांना. छोटी चुलीच्या ढलप्यांना. तो लांब सुरा मला नाही आवडला, तो फक्त कोबीला."

"आणि अस्वल?"

नेडाने लोणच्याची वाटी त्याच्याकडे सरकवली. "बीट आहे ते."

ऑर्विलच्या डोळ्यांपुढून अकरा वर्षांची वही पानापानाने गेली. इनॉसकाका मात्र हसता हसता खुर्चीवरून घसरायच्या बेतात होते. डोळे पुसून त्यांनी गोणपाट उलगडले. आतली कुऱ्हाड इतकी सुंदर होती की ऑर्विलचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले. काकांनी ती त्याच्या हातांवरून पलीकडे नेली आणि नेडाच्या डाव्या हातात दिली.

"टांगायची नाही, पोरी."

"टांगायला वेळ कुणाला आहे, काका," नेडा म्हणाली, आणि तिने लगेच कोपऱ्यातल्या लाकडाची एक ढलपी पाडून बघितली.

काका दोन वेळा उसळ मागून घेऊन, काकवी चाटून गेले. ट्रक दिसेनासा झाल्यावर ऑर्विलने फार नम्रपणे विचारले की मी जरा हातात घेऊन बघू का. हातमोजे शोधायला तो वळला तेव्हा नेडाने ते उचलले आणि भांड्यांच्या फडक्यांत टाकले.

"घे की. लाकडाची पेटी रिकामी आहे."

त्याने पेटी भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, पुन्हा भरली. आता पुढच्या वर्षीचा जुलै चालू आहे. चुलीच्या ढलप्यांची रास परसात खिडकीच्या वर गेली आहे, कपाट उघडेच असते, आणि ऑर्विलच्या तळहातांना घट्टे पडले आहेत. परवा डॉयलने कुंपणावरून विचारले की बाबा रे, एवढी कसली थंडी येणार आहे यंदा.

"बोलू नकोस," ऑर्विल पुढचा ओंडका उभा करत म्हणाला. "कांदा चिरायला तिला हीच कुऱ्हाड लागते. त्याच्या आत परत द्यायचीय."