देवघरे भाऊजींचा पिवळा खडू

पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, दोन दिवस पाणीही पोटात ठरत नव्हतं. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले होते आणि शेजारचे देवघरे भाऊजी माझ्या फरशीवर पिवळ्या खडूनं आतडं काढत होते.

"हे मोठं आतडं. आपला फॉल्ट इथे," म्हणून त्यांनी फुली मारली. मी म्हटलं, आधी ऑटो आणा.

अधारताल वस्तीत आमची घरं भिंतीला भिंत लावून. भाऊजी तोफांच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. खराब पार्टवर पिवळी फुली, चांगल्यावर शिक्का, हेच आयुष्यभर केलं. रिटायर झाले तरी खडू खिशातच. भोपळ्यावर फुली मारून परत करत, म्हणून भाजीवाली त्यांना पाहिलं की गाडी पुढे ढकलायची.

बायको गेली, मुलगा बंगलोरला. सोबत राहिला तो वीस वर्षांचा आतड्याचा आजार, अल्सरेटिव्ह कोलायटिस. लोक मुलाची कंपनी सांगतात तशा तोऱ्यात ते हे नाव घेत. इथून बड्या फुहाऱ्याच्या बाजारापर्यंत कोणत्या संडासाला कडी नाही, कुठला नळ कोरडा, सगळं तपासलेलं. लग्नाचं बोलावणं आलं की आधी हॉलचा संडास पाहून येत, मगच आहेर विकत घेत.

गेल्या साली माझंही पोट बिघडलं. जुलाब, कळा, वजन उतरलेलं. डॉक्टरनं दुर्बिणीनं तपासायला सांगितलं. भाऊजी म्हणाले, "काहून त्रास करून घेता वहिनी? सेम टू सेम माझंच आहे." दुसऱ्या दिवशी बिनमिरचीची खिचडी आणि स्वतःच्या गोळ्या घेऊन हजर. मी खाल्ल्या. ती अक्कल माझी.

तीन महिने रोज सकाळी भिंतीवरून विचारत, "आज किती वेळा?" चेहरा असा खुललेला की जणू घरी पाहुणे आले आहेत. मी सांगितलं होतं, मला रक्त पडत नाही आणि दुखतं ते उजवीकडे खाली. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

त्या दिवशी ऑटो आला आणि संध्याकाळी ऑपरेशन झालं. लहान आतड्याचं टोक आवळून बंद झालं होतं, तेवढा तुकडा कापला. आधी टीबीचा संशय होता, तो नव्हता. क्रोन्स नावाचा आजार निघाला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. भाऊजींचा आजार फक्त मोठ्या आतड्यात राहतो, खालून वर सलग चढतो आणि आतलं अस्तर सोलतो, म्हणून रक्त पडतं. माझा तोंडापासून खालपर्यंत कुठेही बसतो, मधला भाग चांगला सोडून पुढचा धरतो, आणि आतड्याची भिंत आरपार खातो, म्हणून नळी आवळते. त्यांच्या गोळ्यांनी माझं काही होणार नव्हतं. तीन महिने वाया गेले.

माझी मुलगी नागपूरहून पोचेपर्यंत भाऊजी बाहेर बाकावर होते. नर्स म्हणाली, "अम्मा, वो अंकल दो दिन से कुछ खा ही नहीं रहे." मला कारण कळलं. संडास खालच्या मजल्यावर होता. खाल्लं असतं तर उठावं लागलं असतं, आणि आतून कोणी हाक मारली तर बाकावर माणूस नसता.

तिसऱ्या दिवशी भाऊजी आत आले. खाली पाहत म्हणाले, "न तपासता शिक्का मारला, वहिनी."

"काहून?"

खिशातला खडू काढून पुन्हा आत ठेवला. मग म्हणाले, "वीस वर्षं हे दुखणं एकटाच वागवून राहिलो. वाटलं, तुमचंही माझंच निघावं."

मी म्हटलं, जा, आधी काही खाऊन या.

मी घरी आले तर फरशीवरचं आतडं तसंच होतं. भाऊजींकडून खडू मागून घेतला, लहान आतड्याच्या टोकाशी माझी फुली मारली. त्यांनी वाकून पाहिली, मान हलवली. मग मी फरशी पुसून घेतली.

आता विजय नगरच्या डॉक्टरकडे एकाच ऑटोत जातो. गोळ्या आपापल्या. भिंतीवरून अजूनही विचारतात, पण उत्तर संपेपर्यंत थांबतात. दोघंही जिवंत आहोत.