क्ष मानू, पण छत्तीस नाही!

“बीजगणित? अर्ध्या तासाचं काम! आत्या आहे मी तिची, कुणी ऐरीगैरी नाही!” असं म्हणत आत्याने पार्लरचा अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि भाचीसमोर बैठक मारली.

दुसऱ्या दिवशी चाचणी होती. जी नापास होईल तिला शनिवारच्या सामन्यात खेळता येणार नाही, असं गणिताच्या बाईंनी बजावलं होतं, आणि शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर म्हणजे हीच भाची. सातवीतली, बारा वर्षांची आणि हट्टात थेट आत्यावर गेलेली.

“भाचीचे वय क्ष मानू,” आत्याने वाचलं.

“का मानू?”

“अगं, मानायचं असतं!”

“मी नाही उगाच कुणाचं मानत! वय हवंय ना, मग तिलाच विचारू!”

आत्याला मनातून कौतुकच वाटलं, पण चेहरा कडक ठेवणं भाग होतं. “बरं, ही भाची म्हणजे तू आणि आत्या म्हणजे मी. आता तरी मानशील?”

आता मानलं. गणितातल्या आत्याचं वय भाचीच्या तिप्पट होतं आणि बारा वर्षांनी ते तिच्या दुप्पट होणार होतं. ३क्ष + १२ = २(क्ष + १२). पेन्सिल सुसाट सुटली.

“क्ष बरोबर बारा! अय्या, ही तर मीच! म्हणजे आत्या, तू... छत्तीस?”

स्वयंपाकघरात वहिनीच्या हातून पातेलं खणकन पडलं. पाठोपाठ दाबलेलं हसू ऐकू आलं.

आत्या गेली कित्येक वर्षं बत्तीसची होती. पार्लरमध्ये बत्तीस, गल्लीत बत्तीस, दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा बत्तीस!

“छापताना चूक झालीय!” ती कडाडली. “पुस्तक काहीही म्हणू दे, मी नाही मानत!”

भाची तिच्याकडे भारावून बघत राहिली. घरात आपल्यासारखं आणखी कुणीतरी होतं.

चाचणीत नेमकं तेच गणित आलं. भाचीने समीकरण चोख सोडवलं, छत्तीस लिहिलं, मग खोडलं आणि खाली लिहिलं, ‘आत्या मानत नाही. म्हणून आत्याचे वय ३२.’ एका गुणाने नापास!

आत्या तडक शाळेत! “माझी पोर खेळणार म्हणजे खेळणार!”

“अहो, गणित येतं तिला,” बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. “उत्तर छत्तीस आहे एवढं कबूल करू दे, लगेच गुण देते.”

भाचीने हनुवटी उचलली. “नाही बाई. आत्या बत्तीसचीच आहे. खोटं बोलून मला खेळायचंच नाही!”

आत्याला भरून आलं. आपल्या थापेपायी ही वेडी पोर सामना सोडायला निघाली होती! पण शिक्षकांच्या खोलीत पार्लरची गिऱ्हाइकं असलेल्या दोन शिक्षिका कान टवकारून बसल्या होत्या. आत्याने पदर खोचला.

“छत्तीस!” ती गरजली. “आहे मी छत्तीसची! कुणाला काही म्हणायचंय?”

भाचीने लगेच बत्तीस खोडून छत्तीस लिहिलं. बाईंनी गुण दिला.

फाटकापाशी भाचीने तिचा हात धरला. “आत्या, तू खरंच छत्तीसची आहेस?”

तीन वर्षांपूर्वीच छत्तिशी ओलांडलेली आत्या क्षणभर घुटमळली.

“मानू,” ती म्हणाली.