मागून चालणारा वाटाड्या

जगातले सगळे वाटाडे लोकांच्या पुढे चालतात. आमचे सटवामामा मागून चालतात. सहलीला आलेली मंडळी "आता कुठे वळायचं?" म्हणून बघायला लागतात, तेव्हा मामा सगळ्यांच्या शेवटी, मानेवर काठी आडवी टाकून आणि तिच्यावर दोन्ही हात टांगून निवांत उभे असतात. वाटेला फाटा आला की ओठ मुडपून ते 'र्रर्रर्र' असा एक आवाज काढतात आणि काठी एका अंगाला आपटतात. गंमत म्हणजे माणसं बरोबर वळतात. संभाजीनगरचे एक इंजिनिअर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "सर, तो आवाज आला की पाय आपोआप उचलले जातात हो." त्यांना त्याची जरा लाजच वाटत होती.

मामांचा जन्म मेंढरांमागे गेला. म्हाताऱ्या मेंढपाळाला पुढे चालायला सांगणं म्हणजे स्वयंपाकिणीला चुलीकडे पाठ करून भाकरी भाजायला सांगणं. "म्होरं चालून काय दिसते गुर्जी? वाट दिसते. वाट काय पळून जाऊन राहिली का? मान्सं पळतेत. त्याह्यच्यावर नदर पायजे," हे त्यांचं शास्त्र. आणि प्रत्येक शास्त्राच्या शेवटी "बराबर?" असा सवाल. त्याला "बराबर" असंच उत्तर द्यायचं असतं. दुसरं दिलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

मी हिंगोलीत हायस्कूलला मास्तर आहे. मामांच्या मुलानं आमच्या शेजारी प्लॉट घेऊन घर बांधलं, मेंढरं विकायला लावली आणि स्वतः नोकरीला पुण्याला निघून गेला. पुढे नातू झाला तेव्हा मामीही त्याला सांभाळायला गेल्या. मामाही गेले होते. पण तिथल्या सोसायटीत सकाळी फिरायला निघालेल्या लोकांच्या मागे ते काठी घेऊन चालायला लागले. कोणी रेंगाळलं की 'र्रर्रर्र' करायचे. वॉचमननं चौकशी केली, बायकांनी सुनेला विचारलं, आणि मामा आपले पहिल्या गाडीनं हिंगोलीला परत आले. मी विचारलं तर म्हणाले, "तिथं मान्सं लई हायत, पन सारी सुट्टी सुट्टी चालून राहिली. कळपच न्हाई."

आता त्यांना वाटाड्या कोणी केलं, हा प्रश्न आमच्या मंडळाच्या प्रत्येक बैठकीत निघतो आणि सगळे माझ्याकडे बघतात. आमचं एक भ्रमंती मंडळ आहे. हार्डवेअरचे एक दुकानदार त्याचे अध्यक्ष आहेत. मी सचिव आहे, कारण स्थापनेच्या सभेत मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो आणि परत येईपर्यंत सचिव झालो होतो. थंडीच्या दिवसांत दर रविवारी आम्ही दोन क्रूझर गाड्या भरून माणसं नेतो. शिरड शहापूरच्या पलीकडे डोंगराचं एक खोल खोरं आहे, तिथून पायी चालत जायचं, वाटेत एक पडकी बारव बघायची आणि मग जमिनीत अर्धं पुरलेलं जुनं देऊळ. देवळाच्या खाली तळघर आहे, त्याला सगळे भुयार म्हणतात. वाट माहीत असलेला माणूस हवा होता. मी मामांचं नाव सुचवलं. ती सगळी त्यांची चराईचीच वाट होती.

वाट त्यांना पाठ होती, इतिहास मात्र अजिबात नव्हता. भुयारात एका प्राध्यापकांनी चष्मा सावरत विचारलं, "हे बांधकाम कोणत्या काळातलं?"

"जुनं हाय," मामा म्हणाले.

"म्हणजे किती जुनं?"

"माह्या बापाच्या टायमालाबी असंच पडेल व्हतं." मग मामांचा चेहरा एकदम फुलला. "पन हा खांब बगा. ह्या खांबाच्या आडोशाला माही काळतोंडी मेंढी ब्याली. भायेर गारा पडून राहिल्या व्हत्या. जोडी झाली. दोन्ही जगले. बराबर?"

प्राध्यापक "बराबर" म्हणाले आणि त्यांनी खांबाचा फोटो काढला.

जेवणाच्या जागेचीही अशीच कथा. आपल्याकडे शेतकरी वावरात मेंढरं बसवून घेतात, म्हणजे रात्रभर कळप रानात बसतो, रानाला खत होतं आणि मेंढपाळाला पायली-दोन पायली ज्वारी मिळते. मामा आमच्या लोकांनाही दर रविवारी वेगळ्या वावरात 'बसवायचे'. शेतकरीही जुन्या ओळखीनं निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी करून ठेवायचा. एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "दर वेळी वेगळं शेत का हो?" मामांनी जुन्या रिवाजाचं कारण तपशीलवार सांगितलं. निम्मी पंगत उठून उभी राहिली.

आणि गेरू. पहिल्याच रविवारी निघताना मामांनी प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर गेरूचं बोट ओढलं. कळप दुसऱ्या कळपात मिसळला तर आपलं जनावर ओळखू यावं म्हणून. एका मॅनेजरसाहेबांचा पांढरा शर्ट कायमचा मामांच्या मालकीचा झाला. अध्यक्ष भडकले. तेव्हा मामांनी खूण खांद्यावरून कपाळावर आणली. तोच डबा, तोच गेरू, तेच बोट. पण आता लोक हात जोडायला लागले, फोटो काढायला लागले, आणि अध्यक्षांनी जाहिरातीत 'पारंपरिक टिळा लावून स्वागत' अशी ओळ टाकली. आपल्याला खूण केली जाते आहे, हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

तरी तक्रारी यायच्या. वाटाड्या माहिती देत नाही. वाटाड्या पायांकडे बघतो. एका बँकेच्या साहेबांना तर मामा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "डावा पाय उचलून टाकून राहिले तुमी. खुरात काटा हाय का बगा." काटा निघाला, पण साहेब रागावले ते रागावलेच. शेवटी अध्यक्षांनी ठरवलं, पुढच्या रविवारपासून इतिहासात एम.ए. केलेला एक तरुण घ्यायचा. तो कमरेला स्पीकर लावून पुढे चालेल आणि मामांना रजा. हे मामांना सांगायचं काम सचिवाचं. पुन्हा पाणी प्यायला बाहेर जाण्याची सोय नव्हती.

तो मार्गशीर्षातला रविवार होता. तूर फुलावर होती, हवा छान होती, आणि मी दिवसभर तोंड उघडून मिटत होतो. बारवेपाशी सांगू म्हटलं, तर मामा एका लेकराला खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरत होते. भुयाराशी सांगू म्हटलं, तर तिथं आधीच वाशीमकडची मंडळी पोचलेली. औंढ्याला दर्शनाला निघालेलं ते एक मोठं कुटुंब होतं, त्यांच्याही दोन गाड्या, देवळामागच्या कच्च्या रस्त्यानं आलेल्या. अरुंद पायऱ्यांवरून त्यांची माणसं वर येतायत, आमची खाली जातायत, अंधारात मोबाईलचे उजेड, वटवाघळांचा वास आणि "सरका, सरका". त्या गर्दीत कोणाला काय सांगणार?

जेवताना मात्र मी मनाचा हिय्या करून मामांना शोधलं. ते पंगतीच्या टोकाला एका आजींच्या पानात रोडगा कुस्करून देत होते. हिरवं लुगडं, कपाळावर गेरूचा टिळा, मांडीशी घट्ट धरलेली पिशवी. आजी दुसऱ्या क्रूझरमधल्या असतील, असं मी समजलो. दुसऱ्या क्रूझरमधले त्यांना आमच्यातल्या समजले. टिळा होता, तेव्हा विचारायचं कारणच नव्हतं. आजींनी पिशवीतून डबा काढून सगळ्यांना चिवडा वाटला. अध्यक्षांनी वाकून विचारलंसुद्धा, "काय आजी, कशी वाटली सहल?"

"लई ब्येस," आजी म्हणाल्या. "आवाज देऊन जेवाया बसवलं."

अध्यक्षांनी हा अभिप्राय मला लक्षात ठेवायला सांगितला.

दुपारी खोऱ्यातून परतताना मामा शेवटीच होते, पण एकटे नव्हते. आजी त्यांच्या बरोबरीनं चालत होत्या आणि दोघं बोलत होती. लोकांशी एरवी मेंढरांपलीकडे न जाणारा हा माणूस हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मामांना इतकं मोकळं मी कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, आत्ता नको, चहाच्या वेळी सांगू.

औंढा रस्त्यावरच्या हॉटेलात चहा मागवला आणि आमच्या ड्रायव्हरचा फोन वाजला. वाशीमच्या गाडीचा ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा होता आणि हिरव्या लुगड्यातल्या आजी आमच्यात आहेत का, असं विचारत होता. थोड्याच वेळात ती गाडी धुरळा उडवत येऊन थांबली आणि आजींचा मुलगा खाली उतरला. "म्हातारं मानूस पळवून न्हेता व्हय तुमी? दिसभर जिवाला घोर!"

घोर दिवसभराचा नव्हता. हळूहळू खुलासा झाला तो असा, की मुलाला वाटलं आई बहिणीच्या गाडीत आहे, बहिणीला वाटलं भावाच्या गाडीत आहे. दर्शन झालं, जेवण झालं. परत निघताना पोरांना भूक लागली आणि चिवड्याचा डबा आजींच्या पिशवीत होता, तेव्हा आजींची आठवण झाली. तो चिवडा आमच्या लोकांनी दुपारीच संपवला होता.

अध्यक्षांनी मुलाची माफी मागितली आणि मग मामांकडे वळले. "मामा, आपलं माणूस कोणतं आणि लोकांचं कोणतं, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"कळते की," मामा शांतपणे म्हणाले. "ही आपली न्हाई, हे भुयारातच वळखलं म्या."

"मग आणली काहून?" मुलगा ओरडला.

"चुकार जनावर आलं तं हाकलत नसतेत बाबा. धनी येस्तोवर चारायचं, पानी पाजायचं." मामा बशीत चहा ओतता ओतता थांबले. "ही खालच्या पायरीवर बसून व्हती. तुमची मान्सं वर गेली. गाड्या चालू झाल्या. म्या कान देऊन ऱ्हायलो. आता कोनी आवाज देईल, मंग कोनी देईल. कोनीच देला न्हाई. मंग म्या टिळा लावला अन् म्हनलं, चल माय."

"फोन करायचा आमाला," मुलाचा आवाज उतरला होता.

"तुमाला फोन केला असता तं तुमी तिला गाडीत बसवलं असतं. तिला चालायचं व्हतं."

मुलानं आजींच्या हातातली पिशवी घेतली. आजी गाडीत चढल्या, खिडकीतून म्हणाल्या, "येते भाऊ," आणि मामा म्हणाले, "ये बाई." गाडी गेली.

अध्यक्षांनी मला खूण केली. आता टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी मामांच्या शेजारी बाकावर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं, की पुढच्या रविवारपासून नवा माणूस येतोय, शिकलेला आहे, तुम्ही आता आराम करा.

मामांनी बशीतला चहा संपवला. "बराबर हाय," ते म्हणाले. या वेळी त्यात सवाल नव्हता. मग बशी बाजूला सारून त्यांनी हळूच विचारलं, "गुर्जी, मंग म्या पाव्हना म्हून आलो तं चालंल का? पैशे भरतो. भाकर घरून आनतो. शीट न्हाई मिळालं तरी चालते, टपावर बसतो."

"मामा, अहो..."

"आराम तं करूनच राहिलो. सोमवारपून शनवारपस्तोर घरात मला कोनी आवाज देत न्हाई. म्याच काठी आपटतो अन् म्याच आयकतो."

मी कप खाली ठेवला. शेजारी एक भिंत ओलांडून मी राहतो, रोज त्यांच्या दारावरून शाळेत जातो, आणि हे मला औंढा रस्त्यावर कळत होतं. मी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी रुमाल काढून चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "सचिव तुम्ही आहात गुरुजी. काय ते ठरवा."

मी ठरवलं. तो तरुण आता कमरेला स्पीकर लावून पुढे चालतो आणि यादव राजांविषयी बोलतो, मामा नेहमीच्या जागी चालतात. लोक तोंडानं त्याला दाद देतात आणि वळतात काठीच्या आवाजावर. अध्यक्षांनी जाहिरातीत 'दोन वाटाडे' असं छापलं आहे.

पण ते रविवारचं झालं. बाकीच्या दिवशी सकाळी शाळेत निघताना मी आता भिंतीपाशी थांबतो आणि जरा मोठ्यानं हाक मारतो, "मामा, चहा घ्यायला या." आतून "व्हय" येतं. ते इतक्या लगेच येतं की मामा आधीपासून दाराशीच बसलेले असणार.