व्यायाम की नशीब : योग्य चौकटीत खूण करा

एखाद्या गोष्टीचं मूळ शोधून काढावं तर ते मीच. आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात हे सगळ्यांना मान्य आहे. निदान मी बोलत असतो तेव्हा कोणी अमान्य करत नाही. म्हणूनच कारखान्याच्या फुटबॉल संघातले सहा खेळाडू दीड महिन्यात लंगडायला लागले, तेव्हा अध्यक्षांनी क्रीडा सचिवाला, म्हणजे मला, केबिनमध्ये बोलावलं.

"हे फिटनेस कोचच्या व्यायामामुळे होतंय की नुसतं नशीब, ते शोधा. शनिवारी अहवाल द्या. व्यायामामुळे असेल तर कोचला घरी पाठवू."

"साहेब, शनिवार कशाला? आत्ताच सांगतो."

"पुरावा आणा," ते म्हणाले.

पुरावा! फिटनेस कोच हा माझा साडू आहे, याहून मोठा पुरावा काय हवा?

बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. दोन महिन्यांपूर्वी बायकोनं आठवडाभर अबोला धरला, म्हणून मीच त्याच्यासाठी शब्द टाकला होता. नोकरी लागल्यावर पहिल्याच रविवारी हा सासूबाईंसमोर मला म्हणाला, "दादा, गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरून दाखवा बरं." मला अंगठे धरता आले नाहीत. खरं सांगायचं तर मधे पोट असल्यामुळे ते दिसलेही नाहीत. सासूबाई तोंडावर हात धरून हसल्या. हा इसम व्यायामाच्या नावाखाली माणसांचे हाल करतो, असं माझं शास्त्रीय मत तेव्हाच झालं होतं. अर्थात चौकशीत मी पूर्ण निःपक्षपाती होतो. साडू दोषी आहे, एवढंच फक्त सिद्ध करायचं होतं.

"अहो, नीट बघून लिहा," बायको म्हणाली. "धाकटीला सातवा महिना लागलाय. आता त्यांची नोकरी गेली तर तिनं काय करायचं?"

"मी सत्य तेच लिहिणार."

"तेच म्हणतेय मी. पण ते आधी शोधा."

आता माझी आणि खेळाची ओळख सांगायला हवी. फुटबॉल मी कधी खेळलो नाही. पण सचिव होताच मी संघासाठी जे केलं, ते खेळून कोणाला जमलं नसतं. ड्रेसिंग रूममधून मैदानाकडे जायला एक लांब पॅसेज आहे. तिथं पूर्वी ओबडधोबड सिमेंट होतं, गुरांच्या गोठ्यात असतं तसं. गेस्ट हाऊसच्या बाथरूममधून उरलेली गुलाबी, चकचकीत फरशी मी तिथं बसवून घेतली. रोज सकाळी ती पॉलिशनं पुसायची, असा हुकूमही काढला. भिंतीवर पाटी लावली : 'ही फरशी क्रीडा सचिवांच्या विशेष प्रयत्नांतून.' बूट बांधायला खाली बसलेल्याला नीट वाचता यावी म्हणून ती मुद्दाम कमरेच्या जरा खाली लावली. इतका विचार कोण करतं हो?

चौकशीसाठी मी एक फॉर्म तयार केला. दुखापतीचं कारण काय? चौकटी दोन : 'व्यायाम' आणि 'नशीब'. तिसरं कारण असूच शकत नव्हतं, त्यामुळे तिसरी चौकट ठेवून कागद वाया घालवला नाही. इथून पुढे ज्याला लागेल त्यानं हा फॉर्म भरून सही केलीच पाहिजे, असा नियमही करून टाकला.

पहिला आला तो कटिंग मशीनवाला. हा आमचा सेंटर फॉरवर्ड. डावा घोटा सुजलेला.

"कधी लागलं?"

"सरावाला जाताना."

"म्हणजे सरावात."

"नाही साहेब, जाताना."

"तेच ते." मी 'सरावात' असं लिहिलं. या लोकांना एक वाक्य धड बोलता येत नाही, आणि म्हणे पास देतात.

दुसरा ट्रकचा ड्रायव्हर. "सरावाहून येताना," तो म्हणाला. म्हणजे व्यायामानं इतका दमला की परत येताना कोसळला. मी साडूच्या नावापुढे एक जाड रेघ मारली. तिसऱ्यानं तर फक्त खाली बघून सांगितलं, "साहेब, तुम्हाला कसं सांगू?" साडूची केवढी दहशत असेल बघा!

शेवटी गोलकीपर आला. याला सगळे 'भिंत' म्हणतात, कारण चेंडू येतो तेव्हा हा भिंतीइतकीच हालचाल करतो. यानं दोन्ही चौकटींत खूण केली.

"दोन्ही कसं असेल?"

"पायगुण असतो साहेब. नवीन माणूस आला की कळतो."

"कोणाचा पायगुण?"

"तुम्ही सचिव झालात आणि कोच आले, ते एकाच महिन्यात ना..."

"म्हणजे त्याचाच," मी म्हटलं आणि त्याला बाहेर काढलं. शिकले सवरले तरी ही माणसं पायगुणातून वर येत नाहीत. फुटबॉलसारख्या खेळात पाय वापरायचे सोडून पायगुण काढतात!

गुरुवारी मी स्वतः पाहणीला गेलो आणि एक दृश्य बघून गहिवरलो. सगळा संघ पॅसेजमधून अनवाणी चालला होता, बूट हातात, एक हात भिंतीला. माझ्या फरशीला ओरखडा पडू नये म्हणून! तेवढ्यात साडू आला.

"दादा, फॉर्ममध्ये ते कुठे पडले तेही विचारा ना."

"चौकशी कशी करायची ते मी बघतो, साडूभाऊ. तुम्ही उड्या मारा."

तो मैदानाकडे वळला. चेहरा एवढासा झाला होता. घरी धाकटी रडत असते असं बायकोकडून कळलं होतं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सत्यापुढे साडू काय आणि कोण काय!

शनिवारी मी अध्यक्षांना मैदानावरच बोलावलं. अहवाल अकरा पानांचा होता. नुसता वाचून दाखवण्यात मजा नव्हती, म्हणून साडूचा व्यायाम किती घातक आहे ते मी स्वतः करून दाखवणार होतो. ते करताना खेळाडू दिसलो पाहिजे, म्हणून आमच्या गोलकीपर भिंतीचे बूट मागून घेतले. तळाला ते स्टड, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, तसले बूट. फरशीला त्या दिवशी दोनदा पॉलिश करायला लावलं होतं.

फाईल काखेत मारून मी अध्यक्षांच्या पुढे पॅसेजमध्ये शिरलो.

"साहेब, बूट हातात घ्या!" मागून भिंत ओरडला. एरवी चेंडू आला तरी हा ओरडत नाही.

"फरशी माझीच आहे," मी मान वळवून म्हटलं.

चौथ्या पावलाला डावा पाय मैदानाकडे निघाला आणि उजवा ड्रेसिंग रूमकडे परत. मी काहीतरी धरायला गेलो. हाताशी आला तो अध्यक्षांचा टाय. मग मी पडलो आणि अध्यक्ष माझ्यावर पडले. ते माझ्यावर पडले म्हणून त्यांना काही झालं नाही, आणि ते माझ्यावर पडले म्हणून मला झालं. अहवालाची अकरा पानं सगळ्या पॅसेजभर पसरली.

अध्यक्ष फरशीवर बसते झाले. बसल्यावर पाटी नेमकी डोळ्यांसमोर आली. त्यांनी ती सावकाश, मोठ्यानं वाचली.

"इथं आधी कोणी पडलंय?" त्यांनी विचारलं.

सहा हात वर झाले.

"मग बोलला का नाहीत?"

"सांगितलं होतं की, जाताना म्हणून," कटिंग मशीनवाला म्हणाला. "आणि साहेबांची पाटी आहे तिथं. फरशीमुळे पडलो असं त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं?"

अध्यक्षांनी साडूकडे बघितलं. "आणि तुम्ही? तुमची नोकरी जात होती."

"ती दादांनीच लावली होती," साडू म्हणाला. हे वाक्य माझ्या घोट्याहून जास्त ठणकलं. मग त्यानं अनवाणी येऊन मला पाठुंगळीला घेतलं आणि एकदाही न घसरता बाहेर नेलं. वर विचारतो, "दादा, फार दुखत नाही ना?" या माणसाला नीट वैरही करता येत नाही.

साडूची नोकरी त्याच दिवशी कायम झाली. पॅसेजमध्ये रबरी चटई आली. पाटी तेवढी अध्यक्षांनी तशीच ठेवायला सांगितली.

संध्याकाळी दवाखान्यात माझा पाय प्लॅस्टरमध्ये टांगलेला होता. साडू आणि बायको दोघं आले. साडूनं संकोचून खिशातून कागद काढला.

"दादा, तो फॉर्म. ज्याला लागेल त्यानं भरायचा, तुमचाच नियम. ऑफिसमधून मागतायत."

मी फॉर्म हातात घेतला. चौकटी दोन. व्यायाम केला नव्हता. करायच्या आधीच आडवा झालो होतो. फरशीची चौकट नव्हती. ज्या नशिबाला आठवडाभर मी नाक मुरडलं, त्याच चौकटीत मान खाली घालून खूण केली आणि कागद बायकोकडे दिला.

तिनं तो वाचला. माझ्या टांगलेल्या पायाकडे बघितलं. मग साडूच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि 'नशीब' या शब्दाच्या अलीकडे आपल्या नीटनेटक्या अक्षरात एकच शब्द लिहिला : 'माझं'.

आणि खाली स्वतःची सही केली.