बोटीतला ओळंबा

ईरण्णा मिस्त्री कोणाच्याही घरी गेला की आधी दाराच्या चौकटीला ओळंबा लावी, नमस्कार त्यानंतर. दोरीला टांगलेला हा पितळी लोलक त्याच्या कमरेच्या चंचीत पानसुपारीशेजारी असे. चौकट सरळ निघाली तर तो आत येऊन बसे. नाही निघाली तर ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून बसे आणि चहाही तिथेच घेई. आमच्या बाळीवेशीतल्या घराची चौकट दीड सूत डावीकडे कलली आहे, हे मला त्याच्याकडून कळले. आठ सुतांचा एक इंच. एवढ्या दीड सुतापायी तो अकरा वर्षांच्या शेजारात आमच्या घरात एकदाही आला नाही.

पुतणीसाठी स्थळ पाहायला तो अक्कलकोटला गेला होता. परत आल्यावर बायकोने, गौरव्वाने, विचारले, "पोरगा कसा हाय?"

"पोरगा बरा हाय की. चौकट अडीच सूत."

"पोरगी चौकटीला द्यायची हाय का पोराला?"

"रोज त्याच दारातनं आत जाणार न्हवं ती?"

दुसऱ्या दिवशी गौरव्वा स्वतः गेली आणि लग्न ठरवून आली. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ईरण्णा करवत, पटाशी घेऊन अक्कलकोटला गेला आणि व्याह्यांची चौकट उखडून नवी बसवून आला. व्याह्यांना विचारल्याचे मी कधी ऐकले नाही.

तो एका कापडगिरणीच्या सुतारखात्यात होता. माग दुरुस्त करणे, आडवा दोरा नेणारे धोटे घासणे, साहेबांच्या बंगल्यातली कपाटे करणे ही त्याची कामे. त्याच्या हाताखाली दोन शिकाऊ येऊन गेले. पहिला चार महिने टिकला. दुसऱ्याला जेवताना भाकरी ताटात वाकडी ठेवली म्हणून बोलणी खावी लागली, तेव्हा तो त्याच पंगतीतून उठून गेला. गावात ईरण्णाच्या कामाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मात्र त्याच्याशी त्या कामाबद्दल बोलेल असेही कोणी नव्हते. लोक कपाट उघडून पाहत, "छान" म्हणत आणि कपडे ठेवत.

अशा माणसाच्या हाती बोट आली.

गिरणीच्या शेठजींनी मुंबईला एक जुनी विलायती मोटारबोट विकत घेतली होती. हिप्परग्याच्या तलावात तिच्यातून पाहुण्यांना फिरवायचे, असा बेत होता. रेल्वेच्या उघड्या डब्यातून ती सोलापुरात उतरली, तेव्हा स्टेशनवर इतकी गर्दी झाली की मला पेपरासाठी चार ओळी लिहाव्या लागल्या. लांबी तीस फूट. मधोमध एक खोली, तिच्यात दोन बाकं, एक टेबल, भिंतीभर कप्पे, सगळे बर्मी सागाचे. साग चांगला होता, पण खाऱ्या हवेने वरचे रोगण उडाले होते, खालच्या फळ्या कुजल्या होत्या आणि दारे बसत नव्हती. शेठजींनी इंजिन इस्माईल फिटरकडे दिले आणि आतले लाकूडकाम ईरण्णाकडे.

बोट गिरणीच्या मागच्या आवारात, रंगखात्याजवळ रेल्वेच्या स्लीपरांवर ठेवली होती. ईरण्णा आत गेला, चंचीतून ओळंबा काढला, आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन आवारात जमलेल्या चाळीसेक माणसांना म्हणाला, "सुतार न्हवता हो त्यो. दारू पिऊन काम केलंय. एक कप्पा सरळ न्हाय."

पुढचे तीन महिने सोलापुरात त्या अज्ञात सुताराइतकी कोणाची बदनामी झाली नसेल. ईरण्णा रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून ताजा हालहवाल सांगे. आज बाकं दोन बोटं उतरती निघाली. आज टेबल. आज जमीनच वाकडी निघाली. स्क्रू हातातून पडला की घरंगळत मागच्या टोकाला जातो.

"विलायती सुतार म्हंत्यात," तो म्हणे, "आन डोळ्यानं काम करतोय. डोळ्याचं काय सांगू नका मला. ओळंब्याचं सांगा."

गौरव्वा ही माहिती नळावर पोचवी. साखर पेठेतल्या बायकांनासुद्धा विलायती सुताराचे व्यसन ठाऊक झाले होते.

ईरण्णाने सगळे उखडले. कुजलेल्या फळ्या बदलल्या, चांगल्या घासून पुसून परत वापरल्या, जुन्या सागाशी नव्याचा रंग जुळावा म्हणून पंधरा दिवस वेगवेगळी तेले चोळून पाहिली. बाकांखाली, कप्प्यांखाली, टेबलाखाली पाचरी मारून त्याने प्रत्येक वस्तू ओळंब्यात आणली. मी शेवटच्या दिवशी आत जाऊन पाहिले. काम अप्रतिम होते. टेबलावर काचेची गोळी ठेवली तर जागची हलत नव्हती. ईरण्णाने ती मला दोनदा ठेवून दाखवली.

रंगखात्याचे पाणी वाहून जावे म्हणून त्या आवाराला नाल्याच्या बाजूला उतार दिलेला होता. ही गोष्ट गिरणीत सर्वांना माहीत होती. मलाही माहीत होती. बोटीचे मागचे टोक नाल्याकडे होते. या दोन गोष्टी एकत्र जोडण्याचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. आम्ही कोरड्या मुलखातली माणसे. घर एकदा जसे उभे राहते तसे राहते. पाण्यात सोडल्यावर वस्तू आपणहून सरळ होते, हा अनुभव सोलापुरात कोणी घेतला नव्हता.

बैलजोड्या लावून बोट हिप्परग्याला नेली. शेठजी, त्यांचे पाहुणे, गिरणीचे अधिकारी आणि पेपरातर्फे मी असे काठावर हजर होतो. बोट पाण्यात उतरली, थोडी डुचमळली आणि स्थिर झाली. शेठजींनी टेबलावर सरबताचे पेले मांडायला सांगितले. मांडलेले सहाही पेले सावकाश, ओळीने, पुढच्या टोकाकडे निघाले. त्यांतले दोन इस्माईलने झेलले. कप्प्यांची दारे आपोआप उघडली. बाकावर बसलेले एक जाडजूड पाहुणे हळूहळू शेजारच्या पाहुण्याच्या अंगावर सरकले आणि माफी मागून परत मागे सरकले. असे तीनदा झाले.

ईरण्णा दारात उभा होता. त्याने आधी टेबलाकडे पाहिले, मग जमिनीकडे. जमीन सरळ होती. ती पहिल्यापासून सरळच होती.

"मिस्त्री," शेठजी हसत म्हणाले, "टेबलाखाली एक पाचर मारा, भागेल. एवढं कोण बघतंय?"

"पाचरीच काढायच्या हायत," ईरण्णा म्हणाला.

ही बातमी मी लिहिली नाही. लिहायची गरज नव्हती. मी घरी पोचण्याआधी ती नळावर पोचली होती. ईरण्णा आठ दिवस कोणाच्या ओट्यावर बसला नाही. जिथे जाईल तिथे लोक त्याला म्हणत, "मिस्त्री, दारू कोण प्यालं होतं?" उत्तर गौरव्वा देई. "माझा नवरा चुकला," ती नळावर म्हणाली, "तर सगळीच्या सगळी बोट चुकला. तुमच्यावानी अर्धं न्हाय चुकला."

शेठजींना घाई नव्हती, त्यांचा उत्साह ओसरला होता. पण ईरण्णाने गिरणीत पगारी रजा नको म्हणून सांगितले, बिनपगारी घेतली आणि तो हिप्परग्याला राहायला गेला. बोट पुन्हा जमिनीवर घेणे शक्य नव्हते. जे करायचे ते पाण्यावरच. ईरण्णाला पोहता येत नव्हते. इस्माईलने एक दोर त्याच्या कमरेला आणि दुसरे टोक काठावरच्या बाभळीला बांधले. "मिस्त्रीचाचा कू गाय बांधे जैसा बांध्या हूँ," इस्माईल मला सांगत होता.

पाण्यावर ओळंबा लागेना. लोलक घड्याळासारखा झुले. पहिले दोन दिवस ईरण्णा नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या पाचरी काढायला घेतल्या, आणि त्याखाली त्याला जुन्या स्क्रूंची भोके सापडली. भोकांशेजारी सळईने ओढलेल्या बारीक रेघा. फळ्यांच्या पाठीवर पटाशीचे घाव होते: एक, दोन, तीन, कोणती फळी कोणत्या जागी, ते दाखवणारे. पहिल्या वेळी त्याने हे सगळे पाहिले होते आणि वाकडे म्हणून सोडून दिले होते. आता तो त्या रेघांवर एकेक फळी ठेवत गेला. प्रत्येक फळी बसली.

तीन आठवडे हे चालले. चौथ्या आठवड्यात निरोप आला: मास्तरांना म्हणावं, कागद, दौत, टाक घेऊन या. तो मला मास्तर म्हणे, कारण लिहिणारा माणूस म्हणजे मास्तर.

मी दुपारी गेलो. काम संपत आले होते. एका बाकाच्या पाठीची एकच फळी लावायची उरली होती. ईरण्णाने ती उलटी करून माझ्या मांडीवर ठेवली.

"हात फिरवा."

मी फिरवला. गुळगुळीत होती.

"मागची बाजू हाय ही," तो म्हणाला. "भिंतीकडं असती. कुणाला दिसत न्हाय. तिला बी त्यानं रंधा मारलाय. तीस वर्सं मी मागनं रंधा मारतोय, मास्तर. कुणी मागनं बघितलं न्हाय. लोक फुडनं बघत्यात." त्याने फळी माझ्या मांडीवरून उचलली. मग म्हणाला, "लिहा."

"कोणाला?"

"त्याला."

"तो कोण, कुठला, आहे की गेला, काही माहीत नाही. आणि मराठी त्याला कुठून येणार?"

"सुतार हाय की. कुणाकडनं तरी वाचून घील."

मी लिहायला घेतले. तो सांगत होता ते शब्द मी बदलले नाहीत.

"मी ईरण्णा, सुतार, राहणार सोलापूर. तुमचं काम मी उघडलं. चाळीस मान्सांफुडं तुमाला दारुड्या म्हटलं. मी चुकलो, तुमी बरोबर होता. ते आता गिरणीत जाऊन त्याच मान्सांना सांगून आलोय, दोघंतिघं गावाला गेलेत, आल्यावर सांगीन. तुमची सात नंबरची आन खालच्या फळ्या कुजल्या हुत्या, त्या नव्या घातल्यात. रंग जमला न्हाय म्हणाल तर खरं हाय, साग आता तसला मिळत न्हाय." तो थांबला. "लिवलं?"

"लिहिलं."

"मग लिहा, तुमचं गाव कुटं. पोरं किती. काम कुणाला शिकवलं का. माझ्याकडं दोघं आले, टिकले न्हाईत. कप्प्याचा कोपरा तुमी आतनं कसा वळवलाय ते मला अजून कळलं न्हाय. भेट झाली असती तर इचारलं असतं."

मी ते लिहिले. खाली त्याचे नाव घातले. "पाठवायचं कुठे?" मी विचारले.

"पाठवायचं कशाला? फळीच्या मागं ठिवतो."

"मिस्त्री, ही फळी पुन्हा कोण उघडणार?"

"सुतारच उघडणार की. दुसरं कोण उघडतंय?"

त्याने कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हते, पण ओळी सरळ आहेत की नाहीत ते त्याने पाहिले. मग कागद मला परत दिला.

"नाव जरा वर घ्या. खाली चार बोटं जागा सोडा."

"कशाला?"

"त्याला काय बोलायचं असलं तर."

मी दुसरा कागद घेतला, सगळे पुन्हा लिहिले, आणि खाली चार बोटे मोजून जागा सोडली.