दोनांतलं एक दार

नागीण बरी झाली, पण जाताना छापखान्यातल्या एका निवृत्त मुद्रितशोधकांच्या बरगडीत आग ठेवून गेली. डॉक्टरांनी शिरेच्या दुखण्यावर गोळ्या दिल्या. आग निवली आणि सगळं एकाचं दोन दिसायला लागलं.

"होतं असं काही जणांना," डॉक्टर म्हणाले. "गोळी एकदम बंद करायची नाही. डोस कमी करतो. तोवर एकटे बाहेर पडू नका."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका धरलेल्या माणसाला स्वतःच्या हातातला चमचा धरता येईना. सून चहा ठेवून सांगायची, "बाबा, अलीकडचा कप खरा." शेवटी त्यांनी मनाशी हिशेब बसवला: दिसेल त्याचं निम्मं करायचं.

अशातच छापखान्यातला मशीनमन गेल्याचा निरोप आला. अर्ध्या आयुष्याचा सोबती. सून कामावर होती. त्यांना घरात बसवेना, निघाले एकटेच.

मशीनमनच्या इमारतीचा जिना चढून आले तर समोर दोन दारं. त्यांनी सवयीने एक वजा केलं आणि उरलेलं वाजवलं. कमी डोसामुळे नजर नेमकी त्याच दुपारी ताळ्यावर आली होती, हे त्यांना कुठून कळणार?

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. मशीनमनच्या बायकोला त्यांनी फार पूर्वी एकदाच पाहिलं होतं. "वहिनी," एवढंच म्हणाले आणि त्यांना रडू कोसळलं. बाईंनी हाताला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

"लाख माणूस होता. कधी आवाज चढवला नाही."

"चढवायचे की," बाई म्हणाल्या. "जेवण अळणी झालं की."

"मशीन कसंही अडो, याचा हात लागला की चालू. हात मात्र कायम शाईने काळे."

बाई डोळे पुसत ऐकत राहिल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून पुष्कळ माणसांच्या रडण्याचा आवाज आला.

"शेजारी कोण गेलं?"

"तुमचेच ते. मशीनवाले."

त्यांचे कान तापले. "मग मला बोलू का दिलंत?"

"आमचे हे बेकरीत होते. हात कायम पिठाने पांढरे. ते गेले तेव्हा चार माणसं आली, उभ्या उभ्या गेली. या खुर्चीत बसून कुणी रडलं नव्हतं. म्हटलं, शाईच्या जागी पीठ धरून ऐकू."

ते दारापर्यंत गेले. पलीकडे माणसं भरपूर होती. ते मागे वळले आणि परत खुर्चीत बसले.

"पाव कसा व्हायचा त्यांचा?"

"कडेला करपायचा," बाई म्हणाल्या, आणि आता कुठे त्या मोकळेपणी रडायला लागल्या.